पाना-पक्कड : मॅग व्हील घातली, आता हवा किती मारायची?

दसरा झाला की आमच्याकडं मेसेजांचा नुसता ढीग पडतोय, दरवर्षीचंच आहे हे. नवी गाडी घेतलेल्यांचे कमी, जुन्या गाडीला नवी मॅग व्हील घातलेल्यांचे जास्त. (अलॉय म्हणा हवं तर, आम्ही जुने गॅरेजवाले अजून मॅगच म्हणतो.) यंदा निम्म्याच्या वर प्रश्न हवेचे आलेत, म्हणून म्हटलं या महिन्यात क्लच, गिअर, एसी सगळं बाजूला ठेवू आणि हवेचंच उरकू.

प्रश्न : काका, आमची हॅचबॅक आहे. कंपनीचं माप १८५/६५ आर १५, लोखंडी डिस्क होत्या. दसऱ्याला १६ इंची अलॉय घातली, टायर १९५/५५ आर १६. आता वांदा असा की दुकानवाल्यानं ४० हवा मारून दिली, म्हणाला अलॉयला जास्तच लागते नाहीतर रिम वाकतंय. पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता ३० मारतो. पप्पा म्हणतात २८, ते आयुष्यभर २८ वर चालवत आलेत. दारातल्या स्टिकरवर चारी चाकांना ३२ लिहिलंय पण ते तर जुन्या टायरसाठी. आणि टायरवरच बघितलं तर ५१ कोरलंय! नक्की कुणाचं ऐकू? – एक वाचक, कळंबा

उत्तर : भावा, हवेचे आकडे पाच, पण त्यातला एकही हवेतनं आलेला नाही, प्रत्येकामागं काहीतरी कारण आहे. ते आधी सुटं करू म्हणजे घरात भांडण नको.

५१ पहिला डोक्यातनं काढ. ती टायर कंपनीनं घातलेली कमाल मर्यादा आहे, याच्या पुढं जाऊ नका एवढंच ती सांगते. लिफ्टमध्ये '८ व्यक्ती' लिहिलेलं असतंय म्हणून आपण शेजारपाजारचे गोळा करून आठ जण झाल्यावरच लिफ्टमध्ये चढत नाही, तसं.

४० कुठनं आलं ते आम्हाला चांगलं माहीत आहे, कारण गॅरेजात हजार वेळा बघितलंय. टायर रिमवर चढवला की त्याची कड, म्हणजे बीड, रिमच्या खाचेत घट्ट बसायला जास्तीची हवा मारावी लागते, ३५-४० पर्यंत जाते, मग टक्क टक्क असा दोनदा आवाज आला की समजायचं बसला. त्यानंतर हवा सोडून गाडीच्या आकड्यावर आणायची असते, पण दसरा-दिवाळीच्या गर्दीत ते राहून जातंय आणि गिऱ्हाइकानं विचारलंच तर 'अलॉयला जास्त लागते' हे उत्तर तयार. त्यात अर्धं खरं आहे, तेवढं त्याला देऊ या. हवा कमी असताना खड्डा लागला तर टायर पुरता चेपतो आणि रिमची कड थेट दगडावर आपटते, तिथं रिम वाकतंय. पण म्हणून ४० ठेवलं तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला मधलाच पट्टा टेकतो, नक्षी मधनंच झिजते, ब्रेक मारल्यावर पकड कमी मिळते, आणि खड्ड्याचा सगळा दणका सस्पेन्शनच्या बुशांना आणि तुझ्या कमरेला.

पप्पांच्या २८ ला हसू नकोस. जुने नायलॉनचे टायर, उंच आणि अरुंद, गाड्या हलक्या, वेग साठ-सत्तरचा, त्या जमान्यात तो आकडा बरोबर होता. गाडी बदलली, टायर बदलला, हायवे बदलला, आकडा तेवढा तोच राहिला. आणि पंपावरच्या पोराचं काय, त्याच्यापुढं दिवसभर गाड्यांची रांग, पंगतीत वाढपी जसा न विचारता सगळ्यांना एकच पळीभर आमटी वाढत जातो तसं त्याचं ३०. सांगितलं तर तो बरोबर मारतो, आपणच सांगत नाही, काच खाली न करता मोबाइल बघत बसतो.

राहिलं स्टिकरवरचं ३२. धरायचं हेच, फक्त तिथं थांबायचं नाही.

मुद्दा असा आहे की गाडीचं वजन रबर उचलत नाही, रबराच्या आत कोंडलेली हवा उचलते. गाडी तीच, वजन तेच. रिम लोखंडाचं आहे का अॅल्युमिनियमचं, काळं आहे का डायमंड कट, याच्याशी हवेच्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो नवा टायर किती हवा पोटात घेतो याच्याशी, कारण कमी जागेत कोंडलेल्या हवेला तेवढंच वजन उचलायला जास्त दाब लागतो. तुझा जुना टायर बाजूनं १२० मिलिमीटर उंच होता (१८५ चे ६५ टक्के), नवा १०७ (१९५ चे ५५ टक्के). बाहेरून घेर सारखाच, दोन्ही टायर साधारण ६२१ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, माप निवडताना तू किंवा दुकानवाल्यानं अक्कल लावलीय. पण आतलं रिम मोठं झाल्यामुळं हवेची जागा थोडी घटली.

ही घट मोजायला काही वेगळं यंत्र नको, टायरवरच लिहिलेलं असतंय. मापाच्या पुढं जो दोन आकडी नंबर आणि एक अक्षर असतंय, त्यातला नंबर म्हणजे लोड इंडेक्स. तुझ्या जुन्या १८५/६५ आर १५ वर बहुतेक ८८ असणार, म्हणजे एक टायर पूर्ण हवेत ५६० किलो पेलतो. नव्या १९५/५५ आर १६ वर ८७ असणार, म्हणजे ५४५ किलो. टायरमागं १५ किलो कमी झाले. आता आमचा ढोबळ हिशोब ऐक, साधा टायर असेल तर (एक्सएल लिहिलेला नव्हे, त्याचं पुढच्या पत्रात) लोड इंडेक्स एक नंबर उतरला की हवा साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, आपण पॉइंट म्हणतो तेच) चढवायची. म्हणजे तुझी ३३. एवढंच! दुकानवाला ४० म्हणत होता आणि उत्तर ३२ चं ३३ निघालं, पण हे ३३ का ते आता तुला माहीत आहे, उद्या १७ इंची घालायची दुर्बुद्धी झाली तर पुन्हा आम्हाला विचारायला नको. नंबर उलटा चढला, समजा ९१ चा साधा टायर घातला, तर मात्र हवा उतरवत बसायचं नाही, स्टिकरचा आकडा तसाच ठेवायचा. स्टिकरवर भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तोही एकनंच वाढव.

हे ३३ थंड टायरचं बरं का. थंड म्हणजे बर्फ लावून नाही, गाडी निदान तीन तास उभी राहिलेली, नाहीतर फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. कळंब्यातनं निघून शिरोली नाक्याला जाऊन हवा मारलीस तर ती थंड हवा नव्हं.

मग आकडा बरोबर बसला का हे बघायच्या आमच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिली खडूची. फळ्यावरचा खडू घेऊन टायरच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मार, सपाट सिमेंटच्या रस्त्यावर सरळ शे-दीडशे मीटर गाडी ने, उतरून बघ. रेघ सगळीकडं सारखी पुसली असेल तर झकास. मधनंच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांनाच पुसली तर कमी. (एकाच कडेला पुसली तर हवेला दोष देऊ नकोस, अलाइनमेंट बघून घे.) दुसरी पद्धत, सकाळी ३३ मारून अर्धा तास हायवेला चालवायची आणि थांबल्या थांबल्या पुन्हा मोजायची. ३६-३७ दाखवली तर बरोबर. ४० च्या घरात गेली तर थंड असताना हवा कमी होती नाहीतर गाडीत वजन जास्त होतं, कारण टायर ढिला असला की चालताना जास्त लवतो, लवला की तापतो, तापला की दाब चढतो. लोकांना हे उलटं वाटतंय, तापून चढलेली हवा बघून आणखी सोडतात, आणि टायर आणखी ढिला होऊन आणखी तापतो. हायवेला टायर फुटतात त्यातले बरेचसे असे, आणि बातमीत मात्र 'जास्त हवेमुळं' असं येतंय.

ता. क. रिमच्या आतल्या बाजूला 'मॅक्स लोड' म्हणून किलोचा आकडा आणि जेडब्ल्यूएल अशी खूण (अलॉय चाकांच्या जपानी मानकाची) असते का एकदा बघ. टायर जेवढे किलो पेलतो त्याच्याहून रिमचा आकडा कमी असेल तर हवा कितीही मारून उपयोग नाही.

प्रश्न : दादा, मी रोज इचलकरंजीहून कोल्हापूरला कॉलेजवर शिकवायला जाते. गेल्या वर्षी जुनी कार घेतली, आधीच्या मालकानं १७ इंची चाकं घातलेली होती, टायर २०५/४५ आर १७, एक्सएल असं लिहिलंय. दिसायला छान आहे पण प्रत्येक खड्डा दातात वाजतो. ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्याची काय अवस्था होते तुम्हाला माहीत आहेच. एकानं सांगितलं हवा २६-२८ वर आणा, मऊ चालेल. आणलं, खरंच मऊ चालली, पण पंधरा दिवसांत पुढचं डावं चाक वाकलं. ठोकून सरळ करून मिळतंय म्हणतात. करू का? स्टिकरवर मूळ माप १८५/६५ आर १५ आणि हवा ३२ आहे. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, मऊ चालली ती हवा कमी झाली म्हणून, आणि चाक वाकलं तेही त्याचमुळं. तुमचं मूळ टायर बाजूनं १२० मिलिमीटर उंच, हे ९२. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्या मधली गादी इंचभर कमी झाली, आणि जी उरली तिच्यातनं तुम्ही हवा काढली.

आणि एक्सएल ची गोष्ट तर भल्याभल्यांना माहीत नाही. एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, टायर जास्त वजन पेलतो असं वाचून लोक निर्धास्त होतात. पेलतो खरा, पण जास्त हवा मारली तरच. तुमच्या टायरवर ८८ लिहिलेलं असणार, म्हणजे मूळ टायरइतकंच ५६० किलो, मग फरक काय? फरक असा की साधा टायर ते ३६ पीएसआयला उचलतो आणि एक्सएल ला त्यासाठी ४२ लागतात. त्याच मापाचा साधा टायर ८४ चा मिळतो, ५०० किलोचा, आणि ३६ हवेत ठेवलात तर तुमचा एक्सएल सुद्धा त्या ५०० च्याच आसपास राहतो. एकाच हवेला दोघं सारखेच, एक्सएल ला वरच्या दाबाला टिकायची ताकद तेवढी जास्त. म्हणून वरच्या पत्रातला हिशोब इथं लावताना ८८ न धरता ८४ धरायचं, चार नंबर खाली, आणि एक्सएल साठी वर आणखी थोडी. आमचा आकडा ३७. हो, मऊ सोडाच, आणखी कडक होणार. २६ वर ही गाडी चार माणसं घेऊन हायवेला चालवणं म्हणजे धोकाच आहे, हे जरा कडक शब्दांत सांगतोय, राग मानू नका.

वाकलेल्या चाकाचं. लोखंडी डिस्क वाकली की आपण घण घालून सरळ करायचो आणि ती पुढं दहा वर्षं चालायची. ओतलेलं अॅल्युमिनियम तसं नाही, ते थोडं वाकतंय आणि मग चिरतंय. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांच्या गावात हे वेगळं सांगायला नको, कास्टिंगला घण चालत नाही. बाहेरच्या कडेला किरकोळ वाक असेल तर मशीनवर सरळ करणारे आहेत, चालतंय. पण गॅसनं भरपूर तापवून ठोकणार असतील तर करू नका, धातूचं पाणीच उतरतंय त्यात. आणि स्पोकजवळ किंवा आतल्या बाजूला केसाएवढी चीर जरी दिसली, तरी ते चाक भंगारात. चीर वेल्डिंग करून वर पावडर कोटिंग मारून देणारे भेटतील, गाडीत पोरंबाळं बसत असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

खरं सांगू का ताई, ही चाकं विकून टाका. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारायला १७ इंची छान आहेत, रोज ऊसाच्या रस्त्यानं नोकरीला जाणाऱ्याला नाहीत. १५ ला परत या, ३२ हवा मारा, दात आणि चाकं दोन्ही वाचतील. घेणारं गिऱ्हाईक कोल्हापुरात आठवड्यात मिळतंय.

प्रश्न : गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात सासरवाडीला नेहमी जातो. उन्हाळ्यात निघतानाच २-३ पॉइंट हवा कमी करतो, तापून फुगायला जागा राहावी म्हणून. मेहुणे म्हणतात खाली समुद्राजवळ हवेचा दाब वेगळा, तिथं पुन्हा बदलावी. कोण बरोबर? – एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : दोघंही नाही. पण मेहुण्यांच्या बोलण्यात विज्ञान आहे हे कबूल करून टाका, सासरवाडीला बरं पडेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर. खाली उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि गेज आतला-बाहेरचा फरकच मोजत असल्यामुळं तो जेमतेम १ पीएसआय कमी दाखवतो. पण खाली उकडतंय जास्त, त्यामुळं तो एक भरूनही निघतो. हात लावायची गरज नाही.

तुमचं उन्हाळ्यातलं कमी करणं मात्र बंद करा. टायर तापून चार-पाच पॉइंट चढणार हे कंपनीनं धरूनच थंड हवेचा आकडा लिहिलेला असतो, फुगायला जागा तिनं आधीच ठेवलीय. तुम्ही आणखी काढली की टायर जास्त लवतो आणि जास्त तापतो, वर पत्रात सांगितलं तेच. त्यात घाट उतरताना ब्रेकची उष्णता रिममधनं टायरला लागते ती वेगळीच. तेव्हा न्यूट्रलमध्ये उतरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिनवर उतरा, ब्रेकही थंड आणि टायरही.

ऋतूप्रमाणं बदल असा, तापमान १० अंश घसरलं की साधारण दीड-दोन पीएसआय उतरतात. मे महिन्यात मारलेली हवा डिसेंबरच्या थंडीत सकाळी बघाल तर कमीच दिसणार, त्यात टायर आपणहून महिन्याला एक-दोन पॉइंट सोडत असतोच. म्हणजे खरं लक्ष ठेवायचं ते थंडीत, आणि आपण सगळे ठेवतो उन्हाळ्यात. पावसात तर हवा कमी ठेवूच नका, ढिला टायर पाणी कापत नाही, पाण्यावर चढतो, आणि गगनबावड्याच्या पावसात पाण्याला काही तोटा नाही.

प्रश्न : नायट्रोजन मारावा का? अलॉय आतनं गंजत नाहीत म्हणे. – एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : आपण फुकट मारतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतोय. कोरडा नायट्रोजन असला तर दाब जरा कमी हलतो, हळू उतरतो, एवढा फायदा खरा आहे. पण नायट्रोजन मारला म्हणून सहा महिने कुणी हवा बघत नाही आणि तिथं सगळा फायदा वाहून जातो. फुकटची हवा पंधरा दिवसांनी बघणारा पैसे देऊन विसरणाऱ्यापेक्षा शहाणा. आणि नायट्रोजनवर साधी हवा मारली तर काही होत नाही, स्फोट-बिट काही नाही, हेही विचारलंय कुणीतरी.

प्रश्न : आमच्या एसयूव्हीला २१५/६० आर १७ होते, २२५/५५ आर १८ केले. तेव्हापासून टायर प्रेशरचा पिवळा दिवा जात नाही. हवा ३० पासून ३८ पर्यंत सगळी करून बघितली. शिवाय स्टेपनी जुनीच आहे, लोखंडी, २०५/६५ आर १६. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं असतंय. – एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : साहेब, हवा कमी-जास्त करून तो दिवा जाणार नाही, कारण तुमचे सेन्सर बहुतेक जुन्या चाकात आहेत आणि जुनी चाकं तुमच्या माळ्यावर. हसू नका, महिन्याला एक तरी असं येतंय. काही गाड्यांत प्रत्येक चाकात वॉल्व्हच्या बुडाशी छोटा सेन्सर असतो, चाक बदलताना तो काढून नव्यात घालायचा असतो. घालणाऱ्यानं साधा रबरी वॉल्व्ह टोचून दिला की झालं, गाडी बिचारी माळ्यावरच्या चाकांना हाका मारत बसते. बऱ्याच गाड्यांत दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर सेन्सरचा बिघाड, आणि लुकलुक न करता सरळ लागला तर हवा कमी, असा इशारा असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरवरून कुठलं चाक जास्त फिरतंय ते बघून गाडी अंदाज बांधते, तिथं हवा बरोबर मारून मेन्यूतनं रीसेट केलं की काम संपलं. आणि दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर, असंही धरू नका, पुष्कळ गाड्यांत पाव हिस्सा हवा गेल्याशिवाय तो लागत नाही.

हवेचा आकडा तुमचा सोपा आहे. जुना टायर ९६ चा, म्हणजे ७१० किलो, नवा साधारण ९८ चा, ७५० किलो. नंबर चढलाय, मग स्टिकरवर जे आहे तेच. व्यास मात्र १५ मिलिमीटर वाढलाय, मीटरवर १०० दिसतील तेव्हा गाडी १०२ नं चाललेली असेल. किणी टोल नाक्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळतोय, लक्षात असू दे.

काळजी स्टेपनीची करा. ती नव्या चाकांपेक्षा व्यासानं ३२ मिलिमीटर लहान, साडेचार टक्के फरक, म्हणजे फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायला, ८० च्या खाली. पुढचं चाक पंक्चर झालं तर जमत असेल तर मागचं चांगलं चाक पुढं घ्या आणि स्टेपनी मागं लावा, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढते आणि दोन बाजूंना दोन वेगळ्या मापांची चाकं डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना इंजिनची ताकद वाटून देणाऱ्या गिअरला) मानवत नाहीत. हवा तिच्यात आकड्यापेक्षा तीन-चार जास्तच ठेवा, पडून पडून उतरते. आणि एक गोष्ट जी रात्री दोन वाजता हायवेवर कळते, अलॉयचे नट आणि लोखंडी डिस्कचे नट यांची बैठक वेगळी असू शकते. जुने नट फेकले नसतील तर पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवून द्या. फेकले असतील तर आजच पाच आणा.

प्रश्न : नवी अलॉय घातल्यापासून ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतंय. हवा २८ केली की जरा कमी होतंय. बॅलन्सिंग दोनदा केलं. – एक वाचक, कागल

उत्तर : हवा कमी करून तुम्ही दुखण्यावर गोळी घेताय. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असतंय, सगळ्या गाड्यांना बसावं म्हणून. तुमच्या हबवर (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतंय तो) ते सैल बसतंय आणि चाक केसभर एका बाजूला सरकून नट आवळले जातात. मधे प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग मिळते, हब रिंग म्हणतात, हबचं आणि भोकाचं माप कॅलिपरनं घेऊन बरोबर मापाची आणा. चाक हवेत उचलून नट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा, आणि पन्नासेक किलोमीटरनं पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं बघा. हवा परत आकड्यावर आणा.

प्रश्न : मार्केट यार्डातनं गूळ नेतो. सेडान आहे, टायरचं माप कंपनीचंच ठेवून फक्त अलॉय घातली. स्टिकरवर दोन ओळी आहेत, तीन माणसांना पुढं ३३ मागं ३०, आणि भरल्या गाडीला पुढं ३३ मागं ३८. डिकीत गुळाचे तीस किलोचे चार रवे (ढेपा) आणि आम्ही चौघं. अलॉय घातली म्हणून मागं आणखी किती वाढवू? आणि पंपावरचा गेज ३८ दाखवतो ते घरच्या गेजवर ३५ येतंय. – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : माप तेच तर आकडा तोच, अलॉयसाठी एक पॉइंटही वाढवायचा नाही. गूळ १२० किलो, तुम्ही चौघं सत्तरच्या हिशोबानं २८०, झाले ४००. ही भरलीच गाडी म्हणायची, तेव्हा मागं ३८ पाहिजेच, आणि पाचवा कोणी चढायला लागला तर त्याला नाहीतर गुळाला खाली ठेवा. बहुतेक सेडानची मर्यादा तिथंच कुठंतरी संपते, आणि अलॉय घातली म्हणून ती वाढत नाही. गूळ उतरला की मागं पुन्हा ३० करा, ३८ वर रिकामी गाडी मागनं उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर शेपूट सोडते. रोज भरणं-सोडणं होत नसेल तर सिगारेट सॉकेटवर चालणारा छोटा पंप घेऊन टाका.

गेजचं म्हणाल तर पंपावरचा दिवसभर जमिनीवर आपटत असतो, दोन-तीन पॉइंट फरक नेहमीचाच. घरचाही बरोबरच असेल असं नाही, ओळखीच्या दोन-तीन जणांचे गेज आणून एकाच थंड टायरला लावून बघा, जो सगळ्यांपेक्षा वेगळा बोलतो तो बाजूला ठेवा. मग कायम एकच गेज वापरायचा. आणि तो डिकीत ठेवू नका, त्याच्यावर रवा बसला की संपला.